माल पातळ नको, वाहता हवा : स्वतःहून बसणारं तंतुयुक्त काँक्रीट



२१ मार्च २०२४ ची सकाळ आपल्या आखाडा बाळापूर भागात कुणीच विसरलेलं नसेल. सहा वाजून आठ मिनिटांनी जमीन हलली. भांडी वाजली, पत्रे थरथरले, लोक लेकरं काखेत घेऊन अंगणात आले. अकरा मिनिटांनी पुन्हा एक धक्का. पहिला ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६ चा. पुढे १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास परत ४.५ चा धक्का बसला आणि त्याचं केंद्र तर आपल्याच कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याकडे होतं.

मार्चच्या धक्क्यानंतर शाळेत आलेल्या लेकरांकडे दुसरा विषयच नव्हता. त्यात एकीनं सरळ विचारलं, "सर, लय जोरात हाललं तर आपली शाळा पडंल का?"

मी म्हणालो, "नाही गं, काँक्रीटची आहे आपली शाळा."

उत्तर दिलं खरं, पण ते मलाच पटलेलं नव्हतं. "काँक्रीटची आहे" म्हणजे नक्की काय? काँक्रीट चांगलं की वाईट हे कशावरून ठरतं? मी इंजिनिअर नाही, डीएड झालेला प्राथमिक शिक्षक आहे. पण त्या प्रश्नामुळे वाचत गेलो, ओळखीच्या मिस्त्र्यांना विचारत गेलो. त्यातून एक पाठ तयार झाला. सहावी ते आठवीच्या वर्गात तो घेता येतो, आणि घर बांधायला काढलेल्या पालकांनाही तो उपयोगी पडेल. म्हणून सविस्तर लिहितोय.

पाठाचा गाभा

काँक्रीटकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक, ओताना ते सहज पसरावं, कोपऱ्याकोपऱ्यात जावं. याला पुस्तकात कार्यसुलभता म्हणतात. मिस्त्री म्हणतात, "माल चालला पाहिजे." दुसरी गोष्ट म्हणजे वाळल्यावरची मजबुती. अडचण अशी की या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. माल चालावा म्हणून आपण पाणी घालतो, आणि पाणी घातलं की मजबुती जाते.

स्वतःहून बसणारं काँक्रीट, म्हणजे बांधकामवाले ज्याला सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट म्हणतात ते, ही ओढाताण सोडवण्यासाठीच तयार झालं. त्यात तंतू घातले की आणखी एक गोष्ट मिळते: तडा गेल्यावरही ते लगेच दोन तुकडे होऊन पडत नाही. पण तंतूंनी परत माल चालण्यात अडथळा येतो. म्हणजे सोडवलेली ओढाताण पुन्हा उभी राहते. ती कशी सांभाळायची, हाच आजचा पाठ.

आधी पाण्याचा हिशोब

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. सिमेंट "वाळतं" असं आपण म्हणतो, पण ते चुकीचं आहे. मुलांना हे जरूर सांगा. चिखल वाळतो, सिमेंट मात्र पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. म्हणून तर स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात. सिमेंट नुसतं वाळत असतं तर पाणी कशाला मारलं असतं?

या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी लागतं. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला १२ ते १३ लिटर. पण तेवढ्यात माल कालवताही येत नाही. म्हणून प्रत्यक्षात जास्त घालावं लागतं. सळई असलेल्या काँक्रीटसाठी भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये पाण्याची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. मध्यम परिस्थितीत सिमेंटच्या वजनाच्या निम्मं, म्हणजे पोत्यामागे २५ लिटर.

आता समजा मिस्त्रीनं माल सैल करायला दहा लिटर जादा घातले. ३५ भागिले ५०, गुणोत्तर झालं ०.७. जे जादा पाणी सिमेंटला लागत नाही ते हळूहळू उडून जातं आणि आपल्यामागे बारीक छिद्रं ठेवून जातं. बाहेरून काही दिसत नाही. आतून मात्र काँक्रीट पोकळ होतं. १९१८ साली अमेरिकेत डफ एब्राम्स यांनी हा नियम मांडला: बाकी सगळं सारखं असेल तर पाणी आणि सिमेंटचं गुणोत्तर वाढतं तशी मजबुती घटते. ०.५ वरून ०.७ वर गेलो तर साधारण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मजबुती आपण गमावून बसतो. सिमेंट तेवढंच, खर्च तेवढाच.

वर्गात आणखी एक गणित घ्या. एका पोत्याला ७५ किलो वाळू लागते असं धरा. वाळू पावसात भिजलेली आहे, तिच्यात ५ टक्के पाणी आहे. किती झालं? ७५ चे ५ टक्के, ३.७५ लिटर. म्हणजे बादलीला हात लावायच्या आधीच पावणेचार लिटर पाणी मालात गेलेलं आहे! टक्केवारी कशाला शिकायची, असं विचारणाऱ्या मुलांसाठी हे उदाहरण चांगलं आहे.

मग घट्ट माल घालावा का?

नुसतं पाणी कमी केलं की काम झालं, असंही नाही. घट्ट माल सळयांच्या जाळीतून खाली उतरत नाही. आत हवा अडकते. म्हणून व्हायब्रेटर लावतात, नाहीतर सळईनं ठोसतात. हे नीट झालं नाही तर सेंट्रिंग काढल्यावर कॉलमला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. काँक्रीटमध्ये ५ टक्के पोकळी राहिली तर मजबुती सुमारे ३० टक्क्यांनी घटते. म्हणजे पातळ माल घातला तरी नुकसान, आणि घट्ट माल नीट बसवला नाही तरी नुकसान.

हे मी माझ्या स्वतःच्या घरावर शिकलो. कॉलम भरायचा दिवस होता. संध्याकाळ होत आली होती, व्हायब्रेटर बंद पडलेलं. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, माल लय घट्ट हाय, चालत नाही. जरा सैल करू का?" मी म्हणालो, "करा, अंधार पडायच्या आत उरका." दोन दिवसांनी फळ्या काढल्या तर एका कॉलमच्या बुडाशी वीतभर पोळं. वरच्या बाजूला मात्र पाणी तरंगून आलेली गुळगुळीत साय. मिस्त्रींनी थापी मारून ते बुजवलं, नंतर प्लास्टर झालं, रंग लागला. आज कुणाला दिसत नाही. पण मला तो कॉलम कुठला ते माहीत आहे, आणि मार्चमधल्या त्या सकाळी अंगणात उभं राहून मी त्याच कॉलमकडे बघत होतो. मिस्त्रींना दोष देत नाही. "करा" म्हणणारा मीच होतो.

आता भूकंपाचा संबंध बघा. भूकंपात टिकावी म्हणून कॉलम आणि बीम जिथे मिळतात तिथे रिंगा जवळजवळ बांधायच्या असतात, त्यांची टोकं आत वळवायची असतात. बरोबरच आहे ते. पण त्यामुळे त्याच जागी सळयांची इतकी दाटी होते की खडी अडकते, व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. जिथे काँक्रीट सगळ्यात चांगलं हवं, तिथेच ते सगळ्यात वाईट भरलं जाण्याची भीती.

जपानमध्ये काय झालं

हीच अडचण जपानलाही आली होती. तो तर भूकंपांचाच देश, सळयांची दाटी तिथे नेहमीची. त्यात काँक्रीट नीट बसवणारे कुशल कामगार कमी होत चाललेले. १९८६ मध्ये टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक हाजिमे ओकामुरा यांनी विचार मांडला की काँक्रीटची मजबुती कामगाराच्या हातावर अवलंबूनच राहू नये. ठोसावं लागणार नाही, व्हायब्रेटर लागणार नाही, आपल्याच वजनानं वाहत जाऊन प्रत्येक कोपरा भरेल असं काँक्रीट हवं. १९८८ पर्यंत तिथे ते तयारही झालं. पुढे १९९८ मध्ये खुल्या झालेल्या आकाशी कैक्यो या प्रचंड झुलत्या पुलाच्या दोन्ही टोकांचे दोर धरून ठेवणारे अजस्र ठोकळे या प्रकारच्या काँक्रीटनं भरले. अडीच वर्षांचं ते काम दोन वर्षांत झालं.

आपल्याकडेही आता हे नवीन राहिलेलं नाही. भारतीय मानक आयएस १०२६२ च्या २०१९ च्या आवृत्तीत या काँक्रीटचं मिश्रण कसं ठरवायचं याची माहिती दिलेली आहे.

पाणी न वाढवता ते वाहतं कसं?

मुलांना हे पिठल्यावरून सांगा. बेसन एकदम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. गुठळी फोडली तर आत पीठ अडकलेलं असतं. सिमेंटचंही थोडंफार असंच होतं. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, पण इथे आत अडकतं ते पाणी. ते अडकलेलं पाणी माल चालवण्याच्या कामाला येत नाही. मग मिस्त्रीला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी घालतो.

साइटवर ज्याला नुसतं "केमिकल" म्हणतात, त्याचं काम या गुठळ्या सोडवण्याचं. त्यातले चांगल्या जातीचे द्रव पॉलिकार्बोक्झिलेट प्रकारचे असतात. त्यांचे रेणू सिमेंटच्या कणाला चिकटतात आणि त्यांच्या कंगव्यासारख्या दात्यांमुळे कण एकमेकांजवळ येऊ शकत नाहीत. अडकलेलं पाणी मोकळं होतं. पाणी तेवढंच, पण आता ते कामाला लागतं.

दुसरी युक्ती बारीक कण वाढवण्याची. सिमेंटसोबत राख, म्हणजे फ्लाय अॅश, घालतात. आपल्या मराठवाड्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र सगळ्यांना माहीत आहे. कोळसा जाळल्यावर धुरासोबत उडणारी जी बारीक राख पकडतात, तीच ही. तिचे कण गोल असतात, छऱ्यांसारखे एकमेकांवरून घरंगळतात. तिसरी युक्ती म्हणजे खडी कमी आणि लहान घ्यायची, म्हणजे सळयांमध्ये ती अडकत नाही.

इथे एक फरक मुलांच्या लक्षात आणून द्या. पाणी घालून पातळ केलेला माल आणि असा वाहता माल दिसायला सारखे वाटतात, पण पातळ माल ओतला की खडी खाली बसते आणि पाणी वर येतं. वाहता माल खडीला सोबत घेऊन जातो. पाणीदार आमटी आणि एकजीव वरण यांच्यात जो फरक, तोच.

माल नीट वाहतो का, हे मोजायचं कसं?

साध्या काँक्रीटसाठी शंकूची चाचणी असते. वरून १० सेंटीमीटर, खालून २० सेंटीमीटर व्यासाचा, ३० सेंटीमीटर उंचीचा बिनबुडाचा शंकू भरायचा, वर उचलायचा आणि माल किती खचला ते मोजायचं. याला स्लम्प म्हणतात.

स्वतःहून बसणाऱ्या काँक्रीटसाठी खचणं मोजत नाहीत, पसरणं मोजतात. सपाट पत्र्यावर तोच शंकू उचलला की माल भाकरीसारखा पसरतो. एकमेकांना काटकोनात दोन व्यास मोजायचे आणि सरासरी काढायची. साधारण ५५० ते ८५० मिलिमीटर पसरलं तर ते या जातीचं काँक्रीट. साध्या कामाला ५५० ते ६५० पुरतं, भिंती आणि कॉलमसाठी ६६० ते ७५० लागतं, सळयांची फार दाटी असेल तर त्याहून जास्त. ५०० मिलिमीटरच्या रेघेपर्यंत पोचायला किती सेकंद लागले तेही बघतात, त्यावरून मालाचा चिकटपणा कळतो.

मग इंग्रजी व्ही अक्षरासारख्या नरसाळ्यातून माल किती सेकंदात रिकामा होतो ते मोजतात. आणि एल अक्षरासारख्या पेटीत उभ्या सळयांमधून माल पुढे सरकवतात. पुढच्या टोकाची उंची भागिले मागच्या टोकाची उंची किमान ०.८ आली पाहिजे. पूर्ण सपाट झाला तर १. खरं तर ही सगळी चाचणी म्हणजे सरासरी, गुणोत्तर आणि वेळ. सातवीचं गणितच आहे हे.

आता तंतू: आपल्या आजीला माहीत असलेली गोष्ट

काँक्रीट दाबाला फार खंबीर असतं. एम २५ काँक्रीटचा १५ सेंटीमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सहन करतो. १५० गुणिले १५० गुणिले २५, म्हणजे ५,६२,५०० न्यूटन. साधारण ५७ टन! पण त्याच काँक्रीटला ताणलं तर ते दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकं टिकतं. आणि तडकलं की एकदम तडकतं, आधी सूचना देत नाही. भूकंपात तर इमारत हलते, एकदा या बाजूला ताण, एकदा त्या बाजूला. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात एवढ्या मोठ्या धरणाच्या भिंतीलाही आडवे तडे गेले होते. पुढे ते बुजवून भिंत मजबूत करावी लागली.

ताणासाठी आपण सळई घालतो. पण दोन सळयांमधल्या जागेत बारीक तडे जातातच. तिथे तंतू कामाला येतात.

आपल्या गावाकडे चूल घालताना, भिंतीला गिलावा करताना मातीत काय मिसळायचे? गव्हाचा भुसा, तूस, काड. कशाला? तर माती वाळताना फाटू नये म्हणून. हेच तंतुयुक्त बांधकाम! आजीनं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आज काँक्रीटमध्ये भुशाच्या जागी पोलादाचे तुकडे घालतात, तीन ते सहा सेंटीमीटर लांब, सुईसारखे बारीक, टोकांना वाकवलेले. नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचे केसासारखे धागे घालतात.

प्रमाण किती? इथेही टक्केवारी. एक घनमीटर काँक्रीटमध्ये आकारमानानं १ टक्का पोलादी तंतू म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर किलो. बऱ्याच कामांत याच्या साधारण निम्मे किंवा त्याहून कमी, २० ते ४० किलो घालतात. प्लास्टिकचे धागे हलके. ०.१ टक्का म्हणजे जेमतेम ९०० ग्रॅम, पण संख्येनं असंख्य. पोलादी तंतू तडा गेल्यावर काम करतात, प्लास्टिकचे बारीक धागे मुख्यतः ओलं काँक्रीट आकसताना पडणाऱ्या चिरा अडवतात.

इथे तीन गैरसमज दूर करायला हवेत.

पहिला, तंतू घातले की दाबाची मजबुती खूप वाढते. तसं नाही. ती फारशी बदलत नाही. वाढते ती वाकण्याची ताकद, आणि त्याहून जास्त म्हणजे तडा गेल्यानंतर धरून राहण्याची ताकद. तंतू तड्यावर टाके घातल्यासारखे आडवे असतात. तडा रुंदावायचा तर प्रत्येक तंतू ओढून बाहेर काढावा लागतो आणि त्यात हादऱ्याची शक्ती खर्ची पडते.

दुसरा, जास्त तंतू तेवढं चांगलं. हेही नाही. तंतू वाढले की माल अडखळतो, शंकूचं पसरणं कमी होतं. फारच घातले किंवा एकदम ओतले तर त्यांचे सुगरणीच्या खोप्यासारखे गोळे होतात. सळयांमधल्या जागेपेक्षा तंतू लांब असतील तर तिथे बांधच पडतो. म्हणून मजबुतीला पुरेल इतके, पण वाहण्याला नडणार नाहीत इतके, असं प्रमाण चाचण्या घेऊन ठरवावं लागतं. वाहत्या मालात तंतू ओढ्यातल्या काडीकचऱ्यासारखे प्रवाहाच्या दिशेनं वळतात. त्यामुळे काँक्रीट कुठून ओतलं यावर त्याची कोणत्या बाजूची ताकद जास्त हेही बदलतं.

तिसरा आणि सगळ्यात धोक्याचा गैरसमज, तंतू घातले म्हणजे सळई कमी केली तरी चालेल. घराच्या कॉलम-बीममध्ये असं अजिबात करू नका. तंतू सळईच्या सोबतीला असतात.

वर्गातली कृती

साहित्य: दोन किलो सिमेंट, चार किलो चाळलेली कोरडी वाळू, वजनकाटा, मोजपात्र, बूड कापलेला प्लास्टिकचा पेला, एक फरशी, पट्टी, नारळाच्या काथ्याचे दोन सेंटीमीटरचे तुकडे, सिमेंटच्या दुकानात मिळणाऱ्या केमिकलचा लहान डबा. शिवाय लाकडी पट्ट्यांचे साचे, आतून ३० सेंटीमीटर लांब, ५ रुंद, दीड सेंटीमीटर खोल.

आधी सूचना. ओलं सिमेंट कातडी जाळतं, डोळ्यात गेलं तर फारच वाईट. कालवण्याचं काम शिक्षकानंच रबरी हातमोजे घालून करावं. मुलांनी वजन करावं, वेळ लावावी, मोजावं, नोंदवावं. उरलेला माल नालीत ओतू नये.

चार मिश्रणं करा. प्रत्येकात ५०० ग्रॅम सिमेंट आणि १ किलो वाळू.
अ : २२५ मिलिलिटर पाणी.
ब : ३५० मिलिलिटर पाणी.
क : २२५ मिलिलिटर पाणी आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात केमिकल.
ड : क सारखंच, वर ५ ग्रॅम काथ्या, थोडा थोडा भुरभुरून.

पेला फरशीवर ठेवून भरा, सरळ वर उचला, दोन व्यास मोजून सरासरी काढा. अ जागेवरच ढेपाळून बसेल. ब पसरेल, पण नीट बघा: कडेला पाण्याची गोल रेघ आणि मध्ये वाळूचा ढीग. क पसरेल आणि कडेपर्यंत एकसारखा दिसेल. ड मध्ये क पेक्षा पसरणं कमी झालेलं दिसेल. कार्यसुलभतेचा सगळा पाठ या चार भाकऱ्यांत आहे.

मग प्रत्येक मिश्रणाच्या तीन-तीन पट्ट्या साच्यात घाला. अ चा माल दाबून बसवावा लागेल, क ला हातही लावावा लागणार नाही. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढा, नावं घाला आणि २८ दिवस पाण्याच्या टोपात ठेवा. कुणीतरी रोज विचारेलच, "सर, झालं का?" हे थांबणंही पाठाचाच भाग आहे.

२८ दिवसांनी पट्टी दोन विटांवर, २५ सेंटीमीटर अंतरावर टेकवा. मधोमध दोरीनं बादली टांगा. बादलीचं बूड जमिनीपासून चार बोटं वर असू द्या, खाली ओलं पोतं अंथरा, मुलं दोन हात लांब उभी करा. आता लिटरच्या मापानं पाणी ओतत जा. पट्टी कितव्या लिटरला तुटली ते लिहा. १५ ते २० लिटरची बादली पुरते. ब पट्ट्या अ आणि क च्या आधी तुटतील. अ, ब, क तिन्ही तुटताना खट्‌कन दोन तुकडे होतील. ड मात्र तडकेल, वाकेल, बादली खाली टेकेल, पण दोन तुकडे काथ्यानं एकमेकांना धरून राहतील. तो तडा मुलांना जवळून बघू द्या. आत काथ्याचे टाके दिसतात.

एक खुलासा: यात खडी नाही, म्हणून हे काँक्रीट नाही, सिमेंट-वाळूचा माल आहे. आणि काथ्या फक्त प्रयोगापुरता. सिमेंटमधल्या क्षारांनी तो काही वर्षांत कुजतो, खऱ्या स्लॅबमध्ये घालू नये.

चर्चेसाठी प्रश्न: ब आणि क दोन्ही पसरले, मग मजबुती सारखी का नाही? ड चं पसरणं वाढवायचं असेल तर पाणी न घालता काय करता येईल? आपल्या घरात तंतू असलेली आणखी कोणती वस्तू आहे?

पालकांसाठी

घरकुल किंवा लहान घर बांधताना स्वतःहून बसणारं काँक्रीट वापरा, असं माझं म्हणणं नाही. ते महाग पडतं, वाळूच्या ओलाव्यात थोडा फरक पडला तरी बिघडतं, आणि वाहता माल फळ्यांवर जास्त दाब टाकतो, सेंट्रिंग कच्चं असेल तर फळ्या फाकतात. ते जाणकारांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. पण त्यामागचा विचार आपल्याला फुकट वापरता येतो.

पाणी बादलीनं मोजा, पाइप मिक्सरमध्ये सोडू नका. पोत्यामागे किती बादल्या ते आधी ठरवा आणि मिस्त्रींना सांगा. माल चालत नसेल तर पाण्याऐवजी केमिकलचा विचार करा, इंजिनिअरला विचारून. व्हायब्रेटर सुरू असल्याशिवाय भरणी सुरू करू नका. अंधार पडत असेल तर काम घाई करून उरकण्यापेक्षा कुठे थांबवता येईल ते इंजिनिअरला विचारा. फळ्या काढल्यावर पोळं दिसलं तर प्लास्टर करून झाकण्याआधी जाणकाराला दाखवा. आणि पाणी मारणं किमान सात दिवस, आपण नेहमी वापरतो त्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस, आपल्याकडच्या उन्हात चौदा केलेलं बरं.

ज्यांची घरं दगड-मातीची आहेत त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी आठवावं. विसर्जन आटोपून झोपलेली माणसं जाड दगडी भिंती आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली गेली. सुमारे दहा हजार जीव गेले. त्या भिंती जाड होत्या, जड होत्या, पण दगडाला दगड धरून ठेवणारं त्यात काही नव्हतं. मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनानं पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितलं होतं. तेवढं तरी आजच करा. पत्रे हुकांनी, स्क्रूनं आवळा.

त्या मुलीला मी नंतर पुन्हा उत्तर दिलं. तोवर आमच्या पट्ट्या तुटून झाल्या होत्या. तिला म्हणालो, "शाळा पडेल की नाही हे मला सांगता येत नाही. पण भरताना पाणी मोजलं असेल, माल नीट बसवला असेल आणि रिंगा बरोबर बांधल्या असतील, तर ती आपल्याला बाहेर पळायला वेळ देईल." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या घराचा स्लॅब पुढच्या महिन्यात हाय, सर. बाबांना बादली मोजायला सांगते."

तुमच्या शाळेत हा प्रयोग केलात तर पट्ट्यांच्या नोंदी जरूर ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या आकड्यांशी स्वतःचे आकडे ताडून बघता येतील.